आईच्या अक्षराचा फाँट करता येईल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. १९८९ ते १९९३ या काळात मी पुण्याला वसतिगृहात होतो. तेव्हा आईने कऱ्हाडहून पाठवलेली २३ आंतरदेशीय पत्रं माझ्याकडे जपलेली आहेत. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या हातच्या पदार्थांच्या कृती आम्ही भावंडांनी आठवून उतरवल्यात, आणि त्यांचं लहानसं पुस्तक तिच्याच अक्षरात छापायची इच्छा आहे. माझी मुलगी म्हणते, तक्त्यात अक्षरं भरून स्कॅन केली की फाँट तयार होतो. पण तक्ता भरायला आता आई नाही. कोणतं सॉफ्टवेअर वापरावं? आणि संगणक ही पत्रं वाचून आपोआप टाइप करून देईल का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हेच काम मी वडिलांच्या अक्षरासाठी केलं आहे. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं आणि त्यांच्या वह्या भिजल्या. शाईच्या पेनाने लिहिलेली पानं निळ्या डागांची झाली. बॉलपेनची पानं मात्र वर्तमानपत्रात दाबून वाळवल्यावर वाचता येत होती. फाँट त्या पानांतूनच झाला. तक्ता भरायला आई नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पत्रांतून जे मिळेल ते तक्त्यातून मिळालं नसतं.

तक्ता भरायला बसलेला माणूस एकेक अक्षर सुटं काढतो, शाळेत गिरवल्यासारखं. असे तक्ते मुळात रोमन लिपीच्या सोयीने आखलेले असतात. तिथे ए-बी-सी आणि आकडे भरले की बरंचसं काम झालं. आपलं अक्षर जोडण्यात असतं. रफार किती वर जातो, उकार कुठे वळतो, ‘त्त’ची गाठ कशी पडते, यावरून आपण आईचं अक्षर लांबून ओळखतो. तुमच्या आईने बहुतेक पत्रांची सुरुवात ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ने केली असेल. म्हणजे ‘त्त’, ‘शी’ आणि रफार यांचे वीसेक नमुने तयारच आहेत. त्यांतला सगळ्यांत सुबक निवडू नका, सगळ्यांत जास्त वेळा आलेल्या वळणाचा घ्या.

स्कॅन रंगीत करा, ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), आणि टिफ किंवा पीएनजी प्रकारच्या फाईलमध्ये ठेवा. जेपीजीत अक्षरांच्या कडांशी भुरकट ठिपके येतात. आंतरदेशीयचा कागद फिका निळा, आणि शाईही निळी असेल तर गिंप या चित्रं सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे लाल, हिरवा, निळा असे थर (चॅनेल) वेगळे करून फक्त लाल चॅनेल घ्या. त्यात निळी शाई सर्वांत गडद दिसते. मग चित्र फक्त काळं-पांढरं ठेवलं की कागदाचा रंग निघून जातो. घडीवरची अक्षरं सोडून द्या.

पुढे इंकस्केप या रेखाचित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ ही सोय वापरून प्रत्येक आकाराची बाह्यरेषा तयार होते. त्यामागे पीटर सेलिंगर यांचा पोट्रेस हा प्रोग्राम काम करतो. रेषेवर नको इतके बिंदू आले तर कमी करा, पण रेषा इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत होऊ देऊ नका. मग हे आकार फाँटफोर्जमध्ये आणा. जॉर्ज विल्यम्स यांनी २००० साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही मोफत मिळतं, विंडोजवरही चालतं. दिसायला जुनाट आहे, पण तुमच्या कामाला पुरेसं आहे. पैसे खर्च करून दुसरं घेऊ नका.

खरी मेहनत इथून पुढे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ जागा आहेत. त्यांत ‘क्ष’ला किंवा ‘त्त’ला स्वतःची जागा नाही. क, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि ष एकापाठोपाठ आले की ‘क्ष’चा आकार दाखव, हा नियम फाँटमध्ये लिहावा लागतो. अर्धी अक्षरं, रफार, रकार, सगळ्यांचं तसंच. अनुस्वार आणि उकार कुठे बसायचे याचे बिंदू प्रत्येक अक्षरावर नेमावे लागतात. वडिलांच्या फाँटमध्ये माझे २१४ आकार झाले आणि रोज रात्री दुकान बंद केल्यावर तासभर बसून चार महिने गेले. पहिली छापील प्रत आईला दाखवली तर तिने ‘साताऱ्याला’वर बोट ठेवलं. तिथे अख्खा ऱ, त्याखाली हलन्त आणि शेजारी सुटा य आला होता. “ते असं कधी लिहीत नव्हते,” एवढंच ती म्हणाली. ऱ्यचा नियम लिहायचा मी विसरले होते. हिंदीसाठी आखलेल्या याद्यांत तो बरेचदा नसतोच. तसेच ळ, पाकळीचा ल आणि देठाचा श आईच्याच हातचे घ्या.

शिरोरेषा बघा. बरीच माणसं शब्द पुरा करून मग वरून एकच रेघ ओढतात, काही ओढतच नाहीत. आईची एकसलग असेल तर ती प्रत्येक अक्षरापाशी कापावी लागेल आणि शेजारच्या रेघेत किंचित घुसवावी लागेल, नाहीतर छपाईत फटी दिसतात. आई रेघ देत नसेल तर तुम्हीही देऊ नका.

काही अक्षरं पत्रांत सापडणारच नाहीत. ‘ङ’ मला मिळाला नव्हता, मी वडिलांचाच ड घेऊन त्यांच्याच अनुस्वाराचं टिंब शेजारी ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या हातचं अक्षर उसनं घेऊ नका. एकाच अक्षराचे दोन-तीन आकार आळीपाळीने आणायचा नियमही लिहिता येतो. निदान अ, त, न, म यांच्यासाठी तो करा. ओळीतले चारही ‘न’ हुबेहूब सारखे दिसले की ते हाताचं अक्षर वाटत नाही.

पत्रं आपोआप वाचण्याचं म्हणाल, तर चित्रातला मजकूर ओळखणारं टेसरॅक्टसारखं सॉफ्टवेअर छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं, हस्ताक्षरात फार चुकतं. २३ पत्रं तुम्ही स्वतःच टाइप करा. हव्या त्या जोडाक्षराचा नमुना कोणत्या पत्रात आहे, तेही त्यातच शोधता येईल.

प्रेसमध्ये जाण्याआधी विचारून घ्या. पानं लावायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरवर काम होत असेल तर हा फाँट तिथे चालणार नाही. त्याऐवजी नवं इनडिझाइन असेल तर त्यातला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडायला सांगा, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी जातील. सर्वांत सोपं म्हणजे लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुम्हीच पानं लावा आणि फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या.

एक आग्रह आहे. पदार्थांच्या कृती फाँटमध्ये छापा, पण मुखपृष्ठावर आणि पहिल्या पानावर आईच्या पत्रातली एखादी ओळ मूळ चित्र म्हणूनच छापा. वडिलांच्या वहीच्या पानावरचं ‘श्री गजानन प्रसन्न’ मी तसंच ठेवलं आहे, त्याचा फाँट केलेला नाही. आणि मजकूर भावंडांनी लिहिला, अक्षर आईचं, हेही आत स्पष्ट लिहा. उद्या नातवंडांना वाटायला नको की हे सगळं आजीने लिहून ठेवलं होतं.

फाँट तयार झाला की पहिला शब्द ‘कऱ्हाड’ टाइप करून बघा. ऱ्ह नीट आला तर अवघड भाग पार पडला. नाही आला तर फाँटची फाईल आणि एका पत्राचा स्कॅन मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, तो नियम मी लिहून देते.