खेळाडू आहे म्हणजे मनाने पण खणखणीत असेलच असं नाही

प्र. लेक अमेरिकेत कॉलेजकडून क्रॉस-कंट्री पळते. इतका व्यायाम करणाऱ्या मुलांना डिप्रेशन कमीच येत असेल ना? (एक आई, न्यू जर्सी)

ताई, व्यायामाचा फायदा होतोच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या खेळाडूंचे २००२ ते २०२२ मधले ११०२ मृत्यू तपासले गेले, त्यात १२८ आत्महत्या होत्या, आणि पहिल्या दहा वर्षांत हे प्रमाण ७.६ टक्के होतं ते पुढच्या दहा वर्षांत १५.३ वर गेलं. यावरून खेळाडूंना बाकी मुलांपेक्षा जास्त धोका असतो असं नाही निघत, पण खेळामुळे आपोआप संरक्षण मिळतं हेही खरं नाही. स्टॅनफर्डच्या फुटबॉल टीमची कॅप्टन केटी मायर २०२२ च्या मार्चमध्ये आत्महत्येने गेली, काही तास आधी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर नेहमीसारखीच बोलली होती. म्हणून फोनवर टायमिंग सोडून बाकीचं पण विचारा, झोप कशी लागते, जेवते का, पळायला अजून आवडतं का.

प्र. मुलगा कबड्डी खेळतो, एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालंय. खोलीतून बाहेर येत नाही, परवा चांगले शूज मित्राला देऊन टाकले, म्हणाला मला काय करायचेत. सरळ विचारलं तर नको तो विचार डोक्यात येईल अशी हिला भीती वाटते. (वडील, सांगली)

दादा, आजच विचारा. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं वाटतं की कोणीतरी शब्द उच्चारला. शेजारी बसा आणि स्पष्ट म्हणा, "तुला मरून जावं असं वाटतं का रे?" हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, ऐकून घ्या, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे न्या. घरातली औषधं, शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे कारण ती टोकाची वेळ बऱ्याचदा थोडा वेळच असते आणि हाताशी काही नसलं की जीव वाचतो. नाही म्हणाला तरी दाखवून आणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं ही धोक्याची खूण आहे. आणि या ऑपरेशननंतर मॅटवर यायला साधारण नऊ महिने तरी लागतात, तेवढे दिवस तो टीममधून पुसला गेल्यासारखा राहतो, तर कोचना सांगा, प्रॅक्टिसला नुसतं बसायला, स्कोअर लिहायला बोलवा म्हणावं.

प्र. टीममधली मैत्रीण म्हणाली "जगायचा कंटाळा आलाय, कुणाला सांगू नकोस". मी वचन दिलंय. (कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

वचन मोड बाळा. आधी तिलाच सांग की मी हे एकटी नाही पेलू शकत, मग तिच्या घरच्यांना किंवा विश्वासातल्या मॅडमना गाठ. ती रुसेल, रुसू दे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्री आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि मैत्रिणीसाठी तू स्वतःही फोन करू शकतेस. न्यू जर्सीच्या ताईंनी तिकडच्या अशाच हेल्पलाइनचा ९८८ हा नंबर लेकीच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यावा.