एवढ्या उष्णतेत हायपरट्रायटॉन टिकतो कसा?

तुम्ही विचारलंय: जड केंद्रकांच्या टकरीत सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट तापमान असतं, आणि हायपरट्रायटॉन म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि लॅम्डा (त्यांचाच एक जड भाऊबंद) यांचं केंद्रक; त्यातला लॅम्डा जेमतेम ०.१ एमईव्हीनं (हे ऊर्जेचं एकक) बांधलेला. मग तो वितळत कसा नाही?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही ग्रुप मीटिंगमध्ये हेच विचारलं होतं. आमचे सीनियर म्हणाले, "थर्मल मॉडेलमध्ये १५६ एमईव्ही टाक, आकडा जुळतो. पुढची स्लाइड." (थर्मल मॉडेल म्हणजे सगळे कण एकाच तापमानाच्या गोळ्यातून निघाले असं धरून त्यांची संख्या काढणं; तापमानही एमईव्हीतच सांगतात.) ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

अहो, तो त्या आगीत असतोच कुठे? आगीचा गोळा फुगून विरळ होतो, कणांची धक्काबुक्की थांबते, आणि तेव्हा प्रोटॉन, न्यूट्रॉन नि लॅम्डा शेजारी शेजारी, जवळपास एकाच वेगानं चाललेले असले तर एकत्र बांधले जातात. यालाच कोअलेसन्स म्हणतात. मॉडेल जुळलं म्हणजे कारण कळलं, असं नव्हे.

अर्थात दाखवणं वेगळं. हायपरट्रायटॉन टकरीपासून काही सेंटिमीटरवर फुटतो, हेलियम-३ आणि ऋण पायॉन देतो. हेलियम ओळखता येतो, पण पायॉन ढिगानं, त्यामुळे बहुतेक जोड्या खोट्या. एका रात्री अडीचला मला जोड्यांच्या वस्तुमानाच्या आलेखात २.९९ जीईव्हीला (१ जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), म्हणजे हायपरट्रायटॉनच्या वस्तुमानापाशी, मस्त टेंगूळ दिसलं. पेढे मिळेनात म्हणून सकाळी डोनट वाटले. सीनियरनी एक खाल्ला आणि विचारलं, "पायॉन १८० अंशांत फिरवून पाहिलास?" फिरवले. खऱ्या जोड्या मोडल्या, टेंगूळ जागच्या जागी! माझ्याच कट्सनी (जोड्या निवडायच्या अटींनी) बॅकग्राउंडला, म्हणजे खोट्या जोड्यांच्या ढिगाला, तो आकार दिला होता. तेव्हा हायपरन्यूक्लियसवर (लॅम्डासारखा कण असलेल्या केंद्रकावर) काम करणार असाल तर आधी बॅकग्राउंड, मग डोनट. अमेरिकेतल्या स्टार प्रयोगानं २०१० मध्ये दहा कोटींच्या आसपास टकरींतून सत्तरेक प्रतिहायपरट्रायटॉन (हायपरट्रायटॉनचं प्रतिद्रव्य रूप) काढले. २०२४ मध्ये सहा अब्जांहून जास्त टकरींत प्रतिहायपरहायड्रोजन-४ (त्यात आणखी एक प्रतिन्यूट्रॉन) मिळाले सोळाच्या आसपास. एवढ्याशा सिग्नलला एक चुकीचा कट पुरतो.

हो, शिसं-शिसं टकरींत थर्मल मॉडेल खरंच बऱ्यापैकी चालतं, हे लिहायला हवं. पण प्रोटॉन-शिसं टकरींतला सर्न प्रयोगशाळेतल्या अ‍ॅलिस प्रयोगाचा २०२२चा निकाल कोअलेसन्सकडे झुकतो. तिथे गोळाच लहान, हायपरट्रायटॉन मात्र ऐसपैस, म्हणून फरक दिसतो. तो पेपर मी सीनियरना त्याच दिवशी पाठवला.

उत्तरादाखल अंगठा आला. फक्त अंगठा.