घरचं तेजस असताना नौदलाने राफेल का घेतली?

तुम्ही विचारलंय की घरचं तेजस असताना नौदलाने एप्रिल 2025मध्ये सुमारे 63,000 कोटी रुपयांना 26 राफेल-एम, म्हणजे फ्रेंच राफेलची नौदलासाठीची विमानं, का घेतली, आणि तेच पैसे तेजसवर लावले असते तर काय बिघडलं असतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, माझगावात राहतो, आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

सुरुवात जहाजाच्या डेकपासून करावी लागते. आपली विमानवाहू युद्धनौका विक्रांत हिची लांबी 262 मीटर. विमानाला धावायला मिळतात फार तर दोनशे मीटर आणि टोकाला स्की-जंप, म्हणजे वर वळलेला चढ. अमेरिकी जहाजांवर विमानाला पुढे फेकणारं कॅटापल्ट असतं, आपल्याकडे नाही. जुन्या विक्रांतवर होतं. ती मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी असताना ज्यांनी पाहिली, त्यांना तिचं वर वळलेलं नाक आठवत असेल. सी हॉक या जुन्या लढाऊ विमानांसाठीचं वाफेचं कॅटापल्ट 1980च्या दशकात काढून त्यांच्या जागी आलेल्या सी हॅरियर विमानांसाठी तो चढ बसवला होता. आता डेकवरच्या लढाऊ विमानाला निव्वळ स्वतःच्या इंजिनावर हवेत जावं लागतं. इंजिनाचा जोर कमी पडला की इंधन तरी कमी भरा, नाहीतर क्षेपणास्त्रं तरी उतरवून ठेवा.

उतरणं त्याहून अवघड. जमिनीवर वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलून अलगद टेकतो. जहाजावर तेवढी जागाच नसते, विमान अक्षरशः डेकवर आपटतं आणि शेपटीचा हुक आडव्या तारेत अडकतो. टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात नेतो, कारण तार चुकली तर पुन्हा उडायचं असतं. हा दणका सोसायला चाकांचे दांडे आणि धडाचा सांगाडा जाडजूड लागतो. म्हणजे वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन पुन्हा उड्डाणाच्या मुळावर येतं.

तेजस हे हवाई दलाच्या लांब धावपट्टीसाठी आखलेलं हलकं, एका इंजिनाचं विमान. त्याचं नौदलासाठीचं रूप करताना नाक खाली झुकवलं, कारण त्रिकोणी पंखांचं विमान उतरताना नाक वर ठेवून येतं आणि वैमानिकाला डेक दिसायला हवा. कमी वेगात पेलावं म्हणून पंखांच्या मुळाशी हलती पाती बसवली. लँडिंग गियर मजबूत केला. इंजिन मात्र तेच एक. म्हणूनच डिसेंबर 2016मध्ये नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी स्पष्ट सांगितलं की हे विमान आमच्या गरजेत बसत नाही. त्यानंतरही काम थांबलं नाही हे मला फार मोलाचं वाटतं: 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलाचं तेजस आपल्या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर, विक्रमादित्यवर, उतरवलं. डेकवर उतरण्याचं तंत्र आपल्या अभियंत्यांच्या हाती आलं ते या विमानामुळे. पण उतरून दाखवणं वेगळं आणि पूर्ण शस्त्रांनिशी उडून लढणं वेगळं.

राफेलही निर्दोष नाही, बरं का. तिचे पंख मिटत नाहीत, टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ 11 मीटर. विक्रांतच्या विमानं डेकवर वर-खाली नेणाऱ्या लिफ्ट मात्र पंख मिटणाऱ्या मिग-29के या नौदलाच्या रशियन लढाऊ विमानाच्या मापाने बांधलेल्या. शिवाय 26पैकी 4 दोन आसनी विमानं डेकवरून उडतच नाहीत, ती किनाऱ्यावरच्या प्रशिक्षणासाठी. माझा खरा राग इथे आहे. लिफ्टची मापं पोलादात ओतली गेली आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्यावर कोणतं विमान असेल याचा विचार नंतर सुरू झाला.

मग घाई कशाला? कारण मिग-29के ची अवस्था. अशी 45 विमानं घेतली, आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या 2016च्या अहवालानुसार एक आसनी मिगची उड्डाणसज्जता 15.93 ते 37.63 टक्के होती. विक्रांत सप्टेंबर 2022मध्ये ताफ्यात आली. एवढं मोठं जहाज अपुऱ्या विमानांवर किती काळ काढणार?

63,000 कोटींना 26ने भागून एका विमानाची किंमत काढू नका. त्यात शस्त्रं, सिम्युलेटर, प्रशिक्षण आणि पाच वर्षांची देखभालही आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. हे पैसे तेजसला दिले असते तरी इंजिन अमेरिकेच्या जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीचंच राहिलं असतं. आपलं कावेरी इंजिन हव्या त्या जोरापर्यंत पोचलं नाही आणि 2008मध्ये तेजसपासून वेगळं केलं गेलं. हवाई दलाच्या तेजस मार्क-1ए या सुधारित आवृत्तीला उशीर झाला त्यातही जीईकडून रखडलेल्या इंजिनांचा मोठा वाटा आहे. पैसा लावायचाच असेल तर तो इंजिनावर आणि टीईडीबीएफवर लावा. टीईडीबीएफ म्हणजे पहिल्या रेघेपासून डेकसाठी आखलेलं, दोन इंजिनांचं, पंख मिटणारं आपलं विमान. राफेल 2030पर्यंत येऊन होतील. टीईडीबीएफला त्याच्या आत मंजुरी आणि निधी मिळतोय का, हे आपल्या खासदाराला विचारा. मी पत्र लिहिलंय.