क्वार्टरबॅक निवडताना काय पाहावं?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत शिकते. तिच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे हाताने चेंडू फेकून साथीदारांपर्यंत पोचवणाऱ्या आणि चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या, जागेसाठी दोघांत चुरस आहे. एकाचा हात दणकट, दुसरा अचूक. निवड कशी करतात? – एक वाचक, इंदूर

उत्तर : आमचं मत अचूक खेळाडूला. लांब फेक डोळ्यांत भरते खरी, पण चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला की सामनाच फिरतो. धावत्या साथीदाराच्या छातीपुढे चेंडू आला तर त्याचा वेग मोडत नाही. पाठीमागे पडला तर त्याला थांबून वळावं लागतं, तोवर बचावपटू गाठतो.

त्याहून महत्त्वाची नजर. फेकायला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. पहिला साथीदार अडकला, तर नजर दुसऱ्या-तिसऱ्याकडे वळते का? कच्चा खेळाडू पहिल्याकडेच टक लावतो आणि बचावपटू तेवढ्यावरून चेंडू हेरतात. अंगावर कुणी धावून येत नसेल तर दोघंही सारखेच दिसतात, म्हणून दबावाखालचाच सराव मोजावा.

आणखी एक : दोघांनाही पहिल्या फळीसोबत सारख्या संधी मिळायला हव्यात. एकाला सतत राखीव खेळाडूंबरोबर खेळवलं, तर त्याचे आकडे पडतात ते साथीदारांमुळे, आणि खापर मात्र त्याच्या माथी फुटतं.