क्लबात पैसेवाला आला, पण मत कुणाच्या हातात? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

यावेळी आलेले प्रश्न जवळजवळ सगळे एकाच काळजीचे आहेत, मोठी कंपनी नायतर कुणीतरी अब्जाधीश फुटबॉल क्लबात पैसे घालतोय तर आपण खूश व्हायचं की घाबरायचं. वर्ल्डकपला अर्जेंटिना-ब्राझीलचे फ्लेक्स लावणारी आपली कोल्हापूरची पोरं आता मालकी, कर्ज, शेअर असलं विचारायला लागलीत, मला मनापासून भारी वाटलं.

प्रश्न, शिवाजी पेठ: मी लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडचा फॅन. एवढा कमावणारा क्लब, मग मालकांवर लोक एवढे का चिडतात?

कारण तो क्लब ज्या पैशानं विकत घेतला ते पैसे क्लबालाच फेडायला लावले भावा. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं साधारण 79 कोटी पौंडांना युनायटेड घेतला, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे कर्जाचे, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबावरच टाकला. त्याआधी क्लबावर कर्ज नव्हतं. म्हणजे बघा, तिकीट, जर्सी, टीव्ही यातून येणाऱ्या पैशातला मोठा वाटा मैदानाकडं जायच्या ऐवजी वर्षानुवर्षं व्याजाला गेला. त्याच वर्षी चिडलेल्या काही फॅन्सनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, आणि 2010 ला हजारो लोक क्लबाच्या जुन्या हिरव्या-पिवळ्या रंगाचे मफलर घालून स्टेडियममध्ये बसायला लागले.

मग 2024 च्या सुरुवातीला जिम रॅटक्लिफ हा ब्रिटिश अब्जाधीश आला, जवळपास 27.7 टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. लोकांना वाटलं आता सुटलो. त्याच वर्षी क्लबातल्या 250 च्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि सीझन चालू असताना उरलेली तिकिटं 66 पौंडांना केली, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. मला ही गोष्ट लई लागली, कारण बापाबरोबर मॅचला आलेलं पोरगंच पुढं चाळीस वर्षं त्या क्लबाबरोबर राहतं.

म्हणून नवा मालक आला की किती पैसे आणले हे नंतर विचारा, आधी विचारा ते पैसे स्वतःचे आहेत की क्लबाच्या नावावरचं कर्ज.

प्रश्न, राजारामपुरी: बाहेरचा श्रीमंत माणूस आला की क्लबाचं वाटोळंच होतं का?

नाही ताई, तसं सरसकट म्हणता येणार नाही. इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा एकच क्लब घ्या, दोन्ही बाजू दिसतील. 1875 चा जुना क्लब, लहानशा गावाचा. तिथलाच एक पोलादाचा व्यापारी जॅक वॉकर, लहानपणापासून क्लबाचा चाहता, त्यानं पैसा ओतला आणि 1995 ला क्लब थेट प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग जिंकला. तो 2000 साली गेला. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या पुण्याच्या, कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीज कंपनीनं क्लब घेतला, 2 कोटी 30 लाख पौंडांना. महिन्याभरात सॅम अलारडाइस हा अनुभवी मॅनेजर काढला, 2012 ला क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि 2017 ला तर तिसऱ्या लेव्हलला गेला. एका मॅचला फॅन्सनी निषेध म्हणून मैदानात कोंबडी सोडली होती.

पण खरं तेच सांगितलं पाहिजे, वेंकीजनी नंतर वर्षानुवर्षं तोटा स्वतःच्या खिशातून भरलाय. पैसा दोघांनीही घातला. मला यात दिसणारा फरक असा की वॉकरला तो क्लब, ते गाव, तो खेळ आतून माहीत होता, आणि नव्या मालकांनी सुरुवातीला ज्यांना माहीत होतं त्यांनाच बाजूला केलं.

प्रश्न, एका कॉलेजच्या पोरीकडून: जर्मनीत फॅन मैदानात टेनिस बॉल का फेकत होते? त्यांच्याकडं असं काय आहे जे इंग्लंडकडं नाही?

त्यांच्याकडं मत आहे. जर्मनीत 1998 पासून नियम आहे, क्लबाची कंपनी केली तरी 50 टक्के आणि वर एक मत हे सदस्यांच्या संस्थेकडंच राहणार. वर्गणी भरणारा साधा माणूस सदस्य होतो आणि सभेत हात वर करतो. याचा अर्थ तिथं कंपन्या येत नाहीत असा अजिबात नाही हां! बायर्न म्युनिकमध्ये आदिदास, आउडी, अलियान्झ तिघांचे मिळून साधारण 25 टक्के आहेत, उरलेले 75 टक्के सदस्यांच्या संस्थेचे. कंपन्या पैसे देतात, टेबलावर बसतात, पण क्लब विकू शकत नाहीत.

लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्गला जुन्या संबंधांमुळं सूट मिळाली कारण ते मुळात औषधाच्या आणि गाड्यांच्या कारखान्याचे संघ. रेड बुल कंपनीच्या लाइपझिग क्लबानं मात्र कागदावर नियम पाळून आतून पळवाट काढली, मत देणारे सदस्यच अगदी मोजके ठेवले, म्हणून बाकीच्या क्लबांचे फॅन त्यांच्यावर इतके खार खाऊन असतात.

टेनिस बॉलचं प्रकरण 2023-24 चं. लीगनं ठरवलं की टीव्हीच्या हक्काच्या कमाईतला 8 टक्के हिस्सा एका गुंतवणूकदाराला 20 वर्षांसाठी द्यायचा आणि बदल्यात 1 अब्ज युरोपर्यंत घ्यायचे. 36 क्लबांपैकी 24 मतं लागणार होती, बरोबर 24 पडली, आणि एका क्लबाच्या प्रतिनिधीनं आपल्या सदस्यांनी सांगितलेलं सोडून उलटं मत टाकलं असा संशय आला, मतदान गुप्त असल्यानं कळायला मार्ग नाही. मग बऱ्याच स्टेडियममधून टेनिस बॉल, चॉकलेटची नाणी, रिमोटच्या गाड्या मैदानात यायला लागल्या, मॅच थांबायच्या. 21 फेब्रुवारी 2024 ला लीगनं सगळं गुंडाळलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे फॅन यात एकत्र होते, आपल्याकडं दोन पेठा एकत्र येण्यासारखंच ते.

प्रश्न, मंगळवार पेठ: आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल टीमला एक मोठा उद्योजक दरवर्षी चांगली रक्कम द्यायला तयार आहे, पण नावात कंपनीचं नाव आणि जर्सीचा रंग बदला म्हणतोय. जुनी माणसं नको म्हणतात, पोरं घ्या म्हणतात. काय करावं?

दादा, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोरांचं चुकत नाही. बाहेरचे खेळाडू, त्यांची राहायची सोय, बूट, डॉक्टर, हे सगळं आता पेठेच्या वर्गणीत भागत नाही, शाहू स्टेडियमवर टिकायचं तर पैसा लागतोच.

पण कोलकात्याकडं बघा. 2020 ला मोहन बागान आरपीएसजी ग्रुपकडं गेला, 80 टक्के हिस्सा कंपनीचा, आणि टीमच्या नावापुढं त्याच ग्रुपच्या आधीच्या टीमचं एटीके हे नाव लागलं. फॅन्सनी तीन वर्षं ते नाव काढा म्हणून घोषणा दिल्या आणि 2023 ला ते निघालं. ईस्ट बंगालचं तर अजून वाईट, 2020 ला सिमेंट कंपनीबरोबर प्राथमिक करार केला, अंतिम करारावर सही कधी झालीच नाही कारण क्लबाचे हक्क किती द्यायचे यावरच भांडण. 2021 ला फॅन क्लबाबाहेर जमले आणि लाठ्या खाल्ल्या. वर्षभरात ती कंपनी गेलीसुद्धा.

आणि आपल्या महाराष्ट्रातच बघायचं तर महिंद्रा युनायटेड, देशातली राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम, 2010 ला कंपनीनं ठरवलं आणि बंद. एफसी पुणे सिटी 2019 ला संपली आणि तिच्या जागी हैदराबादची टीम आली. तिथं मागं राहायला तालीमच नव्हती. तुमच्याकडं आहे, ती सांभाळा.

माझं मत स्पष्ट आहे, पैसे घ्या, जर्सीवर छातीवर कंपनीचं नाव मोठं लावा, स्टेजवर त्यांचा सत्कार करा, पण तालमीचं नाव आणि रंग द्यायचा नाही. वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबाच्या मालकानं 2012 ला निळी जर्सी लाल केली, टीम प्रीमियर लीगला पोचली तरी लोकांनी ते मान्य केलं नाही आणि 2015 ला परत निळी करावी लागली. उद्योजक खरंच फुटबॉलवेडा असेल तर रंगासाठी अडून बसणार नाही.

करारात टीमचा खर्च आणि तालमीची मालमत्ता वेगळी ठेवा. तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेलं असेल तर तालमीची जागा विकायला किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायला आधी त्यांची परवानगी लागते, हे समोरच्यालाही आत्ताच सांगून टाका. करार एका सीझनचा नको, तीनचा करा, आणि मधेच सोडायचं झालं तर किती महिने आधी कळवायचं आणि खेळाडूंचे ठरलेले पैसे कोण देणार हे आकड्यासकट लिहून घ्या. पैसे मंडळाच्या खात्यावर चेकनं, कुणा एकाच्या हातात रोख नको. कमिटीत त्यांचा एक माणूस घ्यायला हरकत नाही, दोन नको. आणि सही करायच्या आधी सगळा कागद तालमीत सभा घेऊन मोठ्यानं वाचून दाखवा, नको म्हणणाऱ्या जुन्या माणसांना पुढच्या ओळीत बसवून.