सीआयडीसारख्या मालिका बघून लोकांचे फॉरेन्सिकबद्दल गैरसमज होतात का?

होतात, आणि त्याचा त्रास शेवटी मयताच्या घरच्यांनाच होतो. मी एका सरकारी हॉस्पिटलमध्ये पोस्टमॉर्टेमचं काम केलंय म्हणून सांगतो.

आधी श्रेय देतो. सोनीवर १९९८ पासून सलग वीस वर्षं सीआयडी चालली, फॉरेन्सिक लॅब नावाची काही गोष्ट असते हे गावोगावी डॉ. साळुंखेंमुळेच कळलं. पण तिथे टेस्टट्यूबमधल्या पाण्याचा रंग बदलला की विषाचं नाव हजर, एसीपी बाजूलाच उभे.

खरं काय होतं, तर विषाचा संशय असला की जठर त्यातल्या अन्नासकट, लहान आतड्याचा तुकडा, लिव्हर, किडनीचे भाग असं सगळं बरण्यांमध्ये मिठाच्या दाट पाण्यात घालून सील करतात, यालाच विसेरा म्हणतात, मग पोलीस तो लॅबला नेऊन देतात आणि तिथे आधीच रांग लागलेली असते. सगळी विषं पकडणारी एकच टेस्ट नसते, म्हणून घरात कुठलं औषध फवारणीला आणलं होतं ही माहितीसुद्धा लागते. पेशंट काही दिवस ॲडमिट राहून गेला असेल तर विष शरीरातून निघून गेलेलं असतं, रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, पण म्हणून त्याने विष घेतलंच नव्हतं असं होत नाही.

एकदा आम्ही "मृत्यूच्या कारणाबाबत मत राखून ठेवले आहे" असं लिहून दिलं तर मयताचा मोठा भाऊ म्हणाला, डॉक्टर, टीव्हीवर तर लगेच सांगतात, तुम्ही कोणाचं प्रकरण दाबताय? त्याचा धाकटा भाऊ गेला होता, त्याला काय बोलणार. पण माझ्या मते मालिकांनी केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, "अजून सांगता येत नाही" हे प्रामाणिक उत्तर लोकांना लपवाछपवी वाटायला लागलं.

मृत्यूची वेळही तशीच. अंग कडक होणं, गार पडणं यावरून आम्ही इतके ते इतके तास असा अंदाज देतो, उन्हाळ्यात अंग लवकर कडक होतं पण गार मात्र सावकाश पडतं, त्यामुळे "रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

अमेरिकेत सीएसआय मालिकेमुळे ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) प्रत्येक केसमध्ये डीएनए मागते का यावर खूप वाद झाले. आपल्याकडे ज्युरी नाही, निकाल जज देतात, त्यामुळे आपल्याकडे हा परिणाम कोर्टापेक्षा शवागाराच्या दारात जास्त दिसतो.

तुमच्या ओळखीत कोणावर अशी वेळ आलीच तर डॉक्टरांशी भांडण्याआधी तपास अधिकाऱ्याला विचारा की विसेरा लॅबमध्ये जमा झाला का आणि कोणत्या तारखेला, त्याची पावती असते. बऱ्याचदा उशीर तिथेच झालेला असतो.