सिगार ओढण्याची परवानगी नेमकी कोणाकडे मागावी?

आपला प्रश्न वाचला आणि आमच्या घरच्या कार्यात झालेला मनस्ताप पुन्हा आठवला. धाकट्या भावाच्या साक्षगंधाला परदेशातून येणारे मित्र सिगारचा डबा आणणार आहेत, वर्धा मार्गावरच्या लॉनचे व्यवस्थापक "मागच्या बाजूला ओढा, चालून जाईल" असे म्हणाले आहेत, आणि वडीलधाऱ्यांना वाईट न वाटता हे कसे जमवावे, असे आपण विचारले आहे. सिगार कशी कापावी, कशी पेटवावी हे आपल्या मित्रांना ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही. मला बोलायचे आहे ते त्या "चालून जाईल"बद्दल.

माझ्या वडिलांची पंचाहत्तरी ऐन मे महिन्यात होती. सभागृह ठरवताना तिथल्या कार्यालयात मी स्पष्ट विचारले होते की, काही पाहुणे जेवणानंतर सिगार ओढतील, तर त्यासाठी कोणती जागा द्याल? कार्यालयातल्या गृहस्थांनी इमारतीमागचा बोळ दाखवला. तसे लेखी द्या म्हटले, तर "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे उत्तर मिळाले. सभागृहाचे मोठाले कुलर नेमके त्याच बोळाकडे पाठ करून बसवलेले होते. कुलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून ओढून आत फेकतो, हे नागपुरात शाळकरी मुलालाही माहीत असते. ते कुलर रोज चालवणाऱ्या कार्यालयाला ते माहीत नव्हते, असे मी कसे मानावे? बोळात दोघातिघांनी सिगार पेटवल्या आणि थोड्याच वेळात तो जड, कडवट धूर ओल्या वाळ्याच्या वासात मिसळून थेट पहिल्या रांगेवर येऊ लागला. त्या रांगेत वडिलांचे समवयस्क मित्र बसले होते. त्यांच्यातल्या दम्याचा त्रास असलेल्या एका काकांना खोकल्याची उबळ आवरेना आणि ते न जेवताच घरी गेले. वडिलांना ते फार लागले. दुसऱ्या दिवशी कार्यालयाने परवानगी दिल्याचे साफ नाकारले, "सभागृहात धुराचा वास राहिला" असे कारण देऊन अनामत रकमेतून मोठी कपात केली आणि वर आम्हालाच नियम ऐकवले. पैशांचे मी विसरलो. काका उपाशी गेले, ते मात्र विसरता येत नाही.

मी वकील नाही, त्यामुळे पुढचे केवळ एका सामान्य माणसाचे वाचन समजावे. 2003 च्या तंबाखूविषयक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, त्याचे सविस्तर नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झाले आणि दंड 200 रुपयांपर्यंत आहे. सिगारही त्यात येते. 30 किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, 30 किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना वेगळी धूम्रपान खोली ठेवता येते. पण तिला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि धूर थेट बाहेर सोडणारी यंत्रणा लागते. मागचा बोळ म्हणजे अशी खोली नव्हे. वर आकाश दिसते म्हणून लॉनवर सगळे चालते, असेही समजू नये, कारण खुले प्रेक्षागृह, स्टेडियम, बसथांबा यांनाही हे नियम लागू आहेत.

पण कायदा बाजूला ठेवला तरी माझे ठाम मत असे आहे की, ही परवानगी व्यवस्थापकाने देण्याची नाहीच. ज्यांच्या श्वासात तो धूर जाणार आहे, त्यांनीच ती द्यायची असते, आणि आपल्या समारंभांत आजीआजोबा, गरोदर लेकीसुना आणि तान्ही मुले असतात, जी तोंडाने "नको" म्हणणार नाहीत. म्हणून त्यांचा नकारच गृहीत धरावा. मंडळी जेवून घरी परतेपर्यंत डबा उघडू नये. मध्यम आकाराची सिगारसुद्धा पाऊण तास ते तासभर चालते. मुलीकडची माणसे निरोप घेत असताना मुलाचा भाऊ आणि त्याचे मित्र तेवढा वेळ कोपऱ्यात दिसेनासे होणे, हेच मुळात अशोभनीय आहे. पेटलेली सिगार हातात धरून मंचावर छायाचित्राला तर मुळीच उभे राहू नये.

जागा ठरवण्यापूर्वी त्याच वेळेला तिथे एक उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहावे. संपलेली सिगार रक्षापात्रात चुरडू नये, त्याने दुर्गंधी वाढते. ती नुसती ठेवून दिली की आपसूक विझते. थोटके स्वतः गोळा करावीत, ती वाढप्यांवर सोडू नयेत. त्यानंतर हात-तोंड धुतल्याशिवाय कोणाचे मूल उचलून घेऊ नये, कारण धूर कपड्यांना चिकटून राहतो. आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: "एक झुरका तरी घ्या" असा आग्रह कोणालाही करू नये. आपल्याकडे आग्रह जेवणाच्या पंगतीत शोभतो, तंबाखूला नाही. मी डॉक्टर नाही, पण सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा समज खोटा आहे, एवढे निश्चित. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो.

मित्रांना हे सगळे त्यांनी विमानात बसण्यापूर्वीच कळवावे. आपल्या घरात थोरांसमोर ओढत नाहीत, एवढे सांगितले तरी समंजस माणूस ओळखतो, आणि ऐनवेळी थांबवल्याने होणारा त्याचा अवमान टळतो. डबा मात्र आनंदाने स्वीकारावा. तो कपाटात तसाच ठेवू नये. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते आणि आपल्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तिचे वरचे पान तडकते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणारी पुडी घालून ठेवावी.

लॉनच्या कार्यालयाकडून मात्र जागा, वेळ आणि अनामत रकमेतून कपात होणार नाही, या तीन गोष्टी सहीशिक्क्यासह लिहून घ्याव्यात. त्यांनी टाळाटाळ केली, तर लॉनवर सिगार नाही असे त्याच दिवशी ठरवून टाकावे आणि साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शेजाऱ्यांना आधी विचारून, मित्रांना आपल्या गच्चीवर बोलवावे.